नारळ बुडी मारत नाही

वहिनी, नारळ आला. कुंकू सगळं धुऊन गेलं होतं, पण शेंडी शाबूत होती. जरा उशिरा आला. उशीर का झाला, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला ते गेल्या रविवारी कळलं.

तुम्ही गेल्यापासून विद्यानगरच्या घरात गॅलरीतली तुमची वेताची खुर्ची तशीच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही आणि कुणी ती हलवतही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारे गृहस्थ आले होते. म्हणाले, "नाना, तुम्ही दीर, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार? तुम्हीच लिहा." त्यांना जे हवं होतं ते कुणीही लिहील. तुमची शाळा, तुमचे विद्यार्थी, तुमच्या हातची येसर आमटी. मला ते लिहायचं नाही. आमच्या घरात एक खोटी गोष्ट पन्नास वर्षं मानानं वावरते आहे. तिला आज मला घराबाहेर काढायचंय.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लग्न होऊन नुकतीच आलेली सून नीलगुंडमात पडली, देवीनं तिला कातळाखाली ओढून नेलं आणि धाकट्या दिरानं मागोमाग उडी मारून तिला खालच्या गुहेतून जिवंत बाहेर काढलं. माईनं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली. दादानं कोर्टाच्या कँटीनमध्ये सांगितली. माझं लग्न ठरताना सांगितली गेली. नलू अजून म्हणते, "आमच्या अण्णांनी तुमचा पगार विचारलाच नाही. पाण्यात उडी मारणारा जावई म्हणून हुरळून गेले."

गोष्टीतलं पाणी खरं आहे, कातळ खरा आहे, गुहाही खरी आहे. फक्त माणसांची अदलाबदल झाली आहे. बुडत होतो तो मी. काढलंत ते तुम्ही.

आता नीट सांगतो. तुम्हाला नव्हे, तुम्हाला ते माझ्याहून चांगलं आठवत होतं. जे वाचतील त्यांच्यासाठी.

आपण चौघं नामपल्लीहून सकाळच्या गाडीनं निघालो होतो. माई, दादा, तुम्ही आणि मी. तांडूरच्या अलीकडे उतरून पुढे बैलगाडी. नव्या सुनेला देवीच्या पायावर घालायचं म्हणून माईनं काढलेली ती सहल. तिथली सगळी जमीन फरशीच्या दगडाची, सपाट आणि तापलेली, आणि तिच्या मधोमध एकदम ते गोल भोक. खाली हिरवंनिळं, थंड, हलतंय की नाही कळू नये असं पाणी. तेलुगूत अशा खोल पाण्याला गुंडम म्हणतात. एका बाजूला उतरायला कोरलेल्या पायऱ्या आणि समोरच्या बाजूला कातळाचा पडदा थेट पाण्याला टेकलेला. त्या पडद्यापलीकडे थोडं चालून गेलं की जमीन उतरते आणि गुहा लागते. गुहेच्या तळाशी आणखी एक डोह. तिथं एवढा गारवा असतो की गावचे लोक उन्हाळ्यात तिथंच जेवतात. आपणही सतरंजी तिथंच अंथरली होती.

गावचे लोक काठावरच्या शिळेवर नारळ फोडतात, एक भकल देवीपुढे ठेवतात, एक घरी नेतात. पाण्यात कुणी काही टाकत नाही. पण माई गोदाकाठच्या माहेराची, तुम्हीही तिकडच्याच. तुम्हा दोघींना पाणी दिसलं की त्याची ओटी भरायची. खण, तांदूळ, सुपारी आणि आख्खा नारळ. शिळेजवळची बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली, माईनं हसून मान डोलावली, तिला एक अक्षर कळलं नव्हतं. तुम्ही पदर सावरून ओटी पाण्यात सोडलीत. खण बुडाला, तांदूळ विखुरले, नारळ डुलत डुलत कातळाच्या पडद्याकडे गेला आणि दिसेनासा झाला.

मग आपण गुहेत जेवायला बसलो. दादा दशम्या खाऊन तिथंच आडवा झाला. माई दह्याचं भांडं झाकत होती. तेवढ्यात डोहाच्या अंधाऱ्या टोकाकडून तुमचा नारळ आला. आपल्याला शोधत आल्यासारखा.

माईचा चेहरा मला अजून दिसतो. "परत आली," ती म्हणाली. "ओटी परत आली. देवीनं हिची ओटी घेतली नाही."

दादा उठून बसला. "अगं, वारा असेल."

"गुहेत कुठला वारा? इतक्या सुना आल्या आमच्या घरात, कुणाची ओटी परत आली नाही."

तुमच्या लग्नाची हळद अजून उतरली नव्हती, वहिनी. त्या घरात तुमची जागा काय असणार, हे त्या एका नारळावर ठरत होतं. आणि तुम्ही, डोक्यावरचा पदर जराही न हलवता, खालच्या आवाजात म्हणालात, "आई, नारळ बुडी मारत नाही."

"म्हणजे?"

"तो वरच्या वर तरंगत आला. म्हणजे पाण्यावर सगळीकडे मोकळी जागा आहे. तिकडून इकडे वाट आहे. देवीनं परत नाही केली, पाण्यानं पुढे आणून सोडली."

मी गणित शिकलेला. इतकं साधं, इतकं चोख गणित मला सुचलं नव्हतं. पण माई म्हणाली, "सासूला शिकवू नकोस."

इथपर्यंत मी चांगला माणूस होतो. मला तुमची बाजू घ्यायची होती. मी म्हटलं, "मी दाखवतो वाट आहे की नाही," आणि ताडताड वर गेलो. विद्यापीठाच्या तलावात मी काही महिने हातपाय मारले होते, तेवढ्यावर स्वतःला पोहणारा समजत होतो. तुम्ही मागून आलात. "भावजी, थांबा. आधी मला बघू द्या. भावजी, पाणी थंड आहे, दम लागेल." मी शर्ट काढला आणि उडी मारली.

कातळाच्या पडद्याला एका कोपऱ्यात, पाण्याच्या पातळीशी, हातभर फट होती. मी तिच्यातून आत शिरलो. आत डोकं कातळाला लागलं. वटवाघळांचा वास नाकात बसला. मी ओरडलो, तो आवाज चहूबाजूंनी माझ्यावरच आला. मग काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण मी डोळे घट्ट मिटले. पाणी प्यायलो. हात मारायचे थांबलो.

आणि कुणीतरी मागून माझे केस धरले.

"हात नको मारूस. गप पड. गप पड रे, गाढवा!"

तुम्ही मला त्याआधी कधी अरेतुरे केलं नव्हतं. वडिलांच्या विहिरीत, कमरेला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलेली मुलगी तुम्ही. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही हे तुम्हाला माहीत होतं. लुगड्याचा कासोटा मारून तुम्ही आत आला होतात. पाठीवर पडून, माझं डोकं छातीशी धरून, तुम्ही मला ओढत नेलंत. मध्ये एका ठिकाणी थांबलात. म्हणालात, "बघ, वर बघ. डोळे उघड. ऊन आहे." मी उघडले नाहीत.

गुहेत पायाला दगड लागला तेव्हा तुम्ही मला मागून ढकललंत. म्हणून मी आधी बाहेर आलो. वळून तुम्हाला हात दिला. सतरंजीवरून जे दिसलं ते एवढंच: धाकटा मुलगा सुनेला हाताला धरून पाण्यातून वर आणतोय, आणि सून नखशिखांत भिजलेली.

माईनं हंबरडा फोडला. "पडली! देवीनं ओढली! माझ्या लेकरानं आणली गं परत!"

दादानं मला मिठी मारली. तुम्ही पदर डोक्यावर ओढलात आणि माझ्याकडे बघितलंत. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलात. मी खोकत होतो. खोकला थांबल्यावरही मी बोललो नाही.

संध्याकाळी घरी पोचायच्या आत निकाल लागला होता. सुनेला पाण्याचा दोष आहे. हिनं पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. नदी नको, तलाव नको, माहेरची विहीर नको. माईनं दादाला शपथ घातली. पुढे वैशाली झाली, तेव्हा तीही त्या शपथेत आली. शाळेची सहल धबधब्याला गेली की वैशाली घरी. मी ज्यात बुडालो ते पाणी तुमचं होतं, वहिनी, आणि माझ्या गप्प बसण्यानं ते तुमच्याकडून काढून घेतलं.

माई गेल्यावर मी एकदा म्हटलं होतं, "आता दादाला सांगतो." तुम्ही पोळ्या लाटत होतात. मान वर न करता म्हणालात, "सांगा." मी बाहेरच्या खोलीत गेलो. दादा पेपर वाचत होता. मी त्याला पावसाचं विचारलं. तुम्ही आतून ऐकत असाल. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत.

काढलात तो थेट माझ्या निवृत्तीनंतर. आम्ही तारनाक्याला राहत होतो, तुम्ही चकलीची दळलेली भाजणी द्यायचं निमित्त करून आलात. नलू आत चहा करत होती. तुम्ही म्हणालात, "भावजी, सांगायचं धाडस तुमच्याच्यानं होत नाही, ते मला कळलं. नका सांगू. पण मला पाणी तरी द्या."

तिथून आपले दिवस सुरू झाले.

ते दिवस आठवले की दुःख करायचं राहूनच जातं. महिन्यातून एकदा, पहाटे भाड्याची गाडी, तुम्ही, मी आणि नलू. दादाला सांगायचं, दर्शनाला जातोय. डब्यात पिठलं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. कुठं नल्लमलाच्या जंगलात धबधब्यानं कोरलेलं कुंड, कुठं कर्नूलकडे शेताच्या मधोमध उतरणारी गुहा, कुठं नुसताच खचलेल्या जमिनीतला डोह आणि त्यावर वाकलेलं उंबर. पहिल्या दिवशी तुम्ही जाड सलवार-कमीज घालून पाण्यात उतरलात, साठीच्या बाईनं हळूहळू उतरावं तशा, आणि मग एकदम पाण्याखाली गेलात. बराच वेळ वर आला नाहीत. नलू किंचाळली. पलीकडच्या काठाला तुमचं पांढरं डोकं वर आलं आणि तुम्ही हसत होतात. असं हसताना मी तुम्हाला तोवर पाहिलंच नव्हतं. सासर, दादाचे अशील, शाळा, बाळंतपणं, सगळं काठावर कपड्यांसारखं ठेवून तुम्ही तिथं गेला होतात.

मग मला म्हणालात, "ये."

पाण्यात तू आणि काठावर भावजी, हा तुमचा नियम. मी म्हटलं, माझा कान फुटलाय. नलू दगडावर बसून दोघांकडे बघत होती. माझ्या शौर्याची गोष्ट ऐकून लग्न केलेली बाई ती. त्या दिवशी तिनं तिच्या शूर नवऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात थरथरताना आणि बुडालेल्या जावेला त्याची हनुवटी धरून तरंगायला शिकवताना पाहिलं.

"पाण्याशी भांडू नकोस," तुम्ही म्हणायचात. "ते वकील नाहीये. त्याला उलटून बोलायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पाटा झालाहेस अगदी. वरवंटा तरी बरा."

परतीच्या वाटेवर नलू मला हळूच म्हणाली, "मला समजलं सगळं. मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं ते तुम्हीच." आणि मग मोठ्यानं, "वहिनी, पुढच्या वेळी ह्यांना भोपळा बांधा."

दादाला एकदा शंका आलीच. तुमची वेणी ओली होती. "ये क्या, दर्शनाला जाऊन न्हाऊन आलीस?" तुम्ही म्हणालात, "तीर्थात बुचकळलं." दादा म्हणाला, "हौ, चांगलं आहे. पण माईची शपथ आहे, खोल जाऊ नको." तुम्ही म्हणालात, "भावजी असतात ना सोबत." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. ते मिचकावणं मला कुठल्याही शिव्यांपेक्षा जास्त लागलं, आणि तरी मला हसू आलं.

नीलगुंडमालाही आपण गेलो. तिथं मात्र मी कधी कातळाच्या पडद्याजवळ गेलो नाही. आणि तिथंच आपलं ते भांडण. तुम्ही म्हणायचात, वाटेच्या मध्यावर एक खोलीसारखी जागा आहे, छताला भोक आहे आणि भर दुपारी तिथून ऊन पाण्यावर पडतं. मी म्हणायचो, नाही, आत काळाकुट्ट अंधार आहे. तुम्ही म्हणायचात, तू डोळे मिटले होतेस. मी म्हणायचो, डोळे मिटले तरी ऊन पापण्यांतून कळतं. पार नलू कंटाळायची. "अहो, एकदा आत जाऊन बघा की." एका खेपेला तुम्ही काठी घेऊन वरची सगळी जमीन धुंडाळलीत, निवडुंगात, सीताफळांच्या झुडपात ते भोक शोधत. नाही सापडलं. शेजारी फरशीची खाण झालेली, तिचा चुरा सगळीकडे पसरलेला. मी म्हटलं, "बघा. नाही." लहान मुलासारखा आनंद झाला मला.

मला तो अंधार हवा होता, वहिनी. अंधार होता म्हणून मी घाबरलो, असं मला म्हणता यायचं. ऊन असेल, तर मी ऊन असताना बुडत होतो.

दादा गेला. मग तुमचं खुब्याचं हाड मोडलं. पायऱ्या उतरणं बंद झालं. आपल्या शेवटच्या खेपेला तुम्ही वर छत्रीखाली खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "आता तुम्हाला पोहता येतं. मी शिकवलंय. पाणीही खाली गेलंय. जा, आणि बघून येऊन मला सांगा."

मी उतरलो. पोहत पडद्यापाशी गेलो. त्या फटीच्या कडेला हात लावला. आतून तोच वास आला. तिथं थोडा वेळ थांबून परत फिरलो. वर येऊन अंग पुसत म्हणालो, "बघितलं. अंधारच आहे."

"हो का," म्हणालात. मग नलूला म्हणालात, "चहा दे त्यांना, गारठलेत."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा लहान आहे आणि मला जास्त टोचतं. पहिल्या वेळी मी पोरगा होतो.

तुमच्या तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पानं उठायच्या आत आपले परभणीचे भाऊसाहेब उभे राहिले. आता त्यांचंही वय झालंय. म्हणाले, "वहिनींबद्दल बोलताना नानांचे आभार मानायलाच हवेत. त्या दिवशी यांनी उडी मारली नसती तर हे घर, ही वैशाली, ही नात, काही नसतं." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. नलू वाढायचं थांबवून दारात उभी राहिली.

मी उठलो. गुडघा कुरकुरला. म्हटलं, "भाऊसाहेब, बसा. उडी मी मारली होती हे खरं आहे. पण बुडत मी होतो. मला वहिनींनी काढलं."

कुणाला कळेना. एकजण म्हणाला, "दुःखात आहेत." मी म्हटलं, "शुद्धीवर आहे." आणि मग सगळं सांगितलं. नारळापासून सांगितलं. केस धरले ते सांगितलं. गप्प बसलो ते सांगितलं. घरातली मोठी माणसं खाली बघायला लागली. पोरांनी मात्र माना वर केल्या. ऋचा, तुमची नात, तिला मराठी वाचता येत नाही पण ऐकायला चांगलं येतं. ती हात धुवायची विसरून तशीच जवळ आली. "नाना, सीरियसली? आजी त्या केव्हमधून स्विम करत गेली? साडीत?"

"लुगड्यात. कासोटा मारून. आणि माझ्यासारखं ओझं घेऊन."

"आजी तो भारीच निकली!" ती ओरडली. तेराव्याच्या पंगतीत. आणि वहिनी, तुम्हाला सांगतो, कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी, आणि तुमच्या फोटोपुढे सगळं घर हसायला लागलं. भाऊसाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "म्हणजे आम्ही आभार चुकीच्या माणसाचे मानत होतो." मी म्हटलं, "हो. आता बरोबर मानून घ्या."

एकटी वैशाली हसली नाही. ती सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. पन्नाशीला आलेली, दादासारखीच काळा कोट घालणारी तुमची लेक. तिनं उलटतपासणी घ्यावी तसं विचारलं, "आईला पोहता येत होतं?"

"तुझ्या आईसारखं मी कुणाला पोहताना पाहिलं नाही."

"आणि मला पाण्याला पाय लावू दिला नाही. तुम्ही गप्प होता म्हणून."

"हो."

ती आत निघून गेली. तिनं काही दिवस माझा फोन उचलला नाही. मी तिला दोष देत नाही. मग एका सकाळी तिचाच फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "नाना, मला तिथं घेऊन चला. आईची ओटी आहे, ती मला भरायची आहे. आणि ते उन्हाचं काय, ते मला बघायचं आहे. नलूकाकूनं सगळं सांगितलंय मला."

म्हणून गेल्या रविवारी आम्ही गेलो. ऋचानं गाडी चालवली. तिनं डोक्याला बांधायचे दिवे, दोर आणि फुगणारी नारिंगी जाकिटं आणली होती. आधी ती एकटी फटीपर्यंत जाऊन, पाणी उतरलेलं आहे आणि डोकं वर राहतं आहे एवढं बघून आली. "आत मी पहिली नाही जाणार," ती म्हणाली. "दोर मी धरते. आधी नाना जाणार. डील आहे ना?"

वैशालीनं काठावर गुडघे टेकले. खण, तांदूळ, सुपारी, आख्खा नारळ. शिळेजवळ एक बाई नारळ फोडत होती, ती तेलुगूत काही म्हणाली. वैशालीला तेलुगू येतं. ती म्हणाली, "त्या विचारतायत, तुम्ही फोडत का नाही?" मग स्वतःच त्या बाईला काहीतरी उत्तर दिलं. मी विचारलं, काय सांगितलंस? "सांगितलं की याला अजून प्रवास करायचाय."

नारळ कातळाखाली गेला. वैशाली आणि नलू गुहेत जाऊन बसल्या. मी वर थांबलो. बराच वेळ गेला. खालून वैशालीची हाक आली, "नाना, येत नाहीये!" आणखी वेळ गेला. तिच्या आवाजात माईचा सूर यायला लागला होता. ओटी परत आली म्हणून एक बाई घाबरली होती, आता येत नाही म्हणून तिची नात घाबरत होती.

मी पाण्यात उतरलो. दोर कमरेला. या वयात, वहिनी. फटीपाशी तोच वास, तोच थंडपणा. मी डोकं कलतं करून आत शिरलो आणि दिवा विझवला. मला तुमच्यासारखं बघायचं होतं. थोडं अंतर खरंच अंधार होता, तेवढं मला द्या. मग कातळ वर उचलला गेला.

वहिनी, ऊन आहे.

छत घुमटासारखं आणि त्याला एका बाजूला घागरीच्या तोंडाएवढं भोक. तुम्ही शोधत होतात तिथं नाही, पार कातळाच्या पडद्याच्या माथ्यावर, जिथं चढायचं आपल्याला सुचलं नाही. त्यातून उन्हाचा एक सरळ खांब पाण्यात उतरलेला, तळापर्यंत. पाणी निळं नाही, पोपटी. मुळं लोंबतायत. आणि त्या उन्हात, मधोमध, तुमचा नारळ संथपणे गोल गोल फिरत होता. तिथं पाण्याला भोवऱ्यासारखं वळण आहे. नारळ तिथं रेंगाळतो. तेव्हाही रेंगाळला असणार. तुम्ही तिथंच थांबला होतात मला धरून, आणि म्हणाला होतात, डोळे उघड.

मी पाठीवर पडून राहिलो. शिकवलंत तसा, न भांडता. किती वेळ ते माहीत नाही. बाहेरून ऋचा दोर हलवत होती, "नाना! ओके ना?" मी ओरडलो, "ऊन आहे!" घुमटानं ते चारदा सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच जागेनं माझी किंकाळी माझ्या अंगावर परत टाकली होती.

मग नारळाला बोटानं हलकेच ढकललं. तो वळणातून सुटला आणि पुढच्या अंधारात निघाला. मी त्याच्या मागे.

गुहेच्या डोहात वैशाली गुडघाभर पाण्यात उभी होती. शपथ मोडून, सलवार भिजवून. नारळ तिच्याकडे गेला. तिनं ओढणी पसरली आणि तो तिच्यात घेतला. मग म्हणाली, "नाना, माईआजी चुकली. ही परत केलेली ओटी नाही. ही आईनं भरलेली ओटी आहे. माझी." नलू दगडावर बसून रडत होती आणि मला ओरडत होती की डोकं पुसा, या वयात न्यूमोनिया होईल.

वैशालीनं नारळ विद्यानगरच्या घरी नेला. फोडला नाही. तुमच्या खुर्चीवर ठेवलाय. खुर्ची आता रिकामी नाही.

आणि तिनं पोहायला नाव घातलंय. त्यांच्या सोसायटीच्या तलावात, लहान लहान पोरांच्या बरोबर. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. फोनवर मला तावातावानं सांगत होती, शिकवणारा कसा चुकीचं शिकवतो, पाण्यात क्लोरिन किती आहे, कुणाकडे तक्रार करायला हवी.

मी म्हटलं, "पाण्याशी भांडू नकोस. ते वकील नाहीये. नुसती पडून राहा."

ती हसली. "वा, नाना! काय वाक्य आहे. तुमचं?"

"नाही," मी लगेच म्हटलं. "तुझ्या आईचं."